बोटावरचा एक थेंब

साखरेचा आजार हा खाऊन-पिऊन सुखी असणाऱ्यांचा आजार, असे आम्ही लहानपणी ऐकत आलो. ज्याच्या पोटात रोज तूप जाते, जो गादीवर बसून पैसे मोजतो, त्याला तो व्हायचा. आमच्या वस्तीत क्षय होता, कावीळ होती, पावसाळ्यात हगवण होती. साखर नव्हती. आज आमच्या गल्लीत संध्याकाळी नळावर उभे राहिले, तर पाण्याच्या गोष्टी कमी आणि "तुमच्या ह्यांची किती आली?" ही चौकशी जास्त. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटी 10 लाख माणसांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे त्यात आहे. एवढ्या कोटींत गादीवर बसणारे ते किती असणार?

हे लिहिणाऱ्या आम्ही दोघी जावा आहोत. थोरली एका खासगी इस्पितळात आया म्हणून दिवसपाळी करते, धाकटी घरी फॉल-पिको करते. घरात सासरे, सासूबाई, दोघींचे नवरे आणि मुले मिळून नऊ माणसे. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. ते गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, पुढे इमारतीखाली वॉचमन म्हणून त्यांनी रात्री काढल्या. त्यांना गेली अकरा वर्षे साखर आहे आणि पाच वर्षांपासून दोन वेळा इन्शुलिनचे इंजेक्शन चालू आहे. साखर मोजण्याचे छोटे यंत्र आमच्या घरात आल्यापासून काय काय झाले, ते बाकीच्या घरांनाही कळावे, म्हणून दोघींनी मिळून हे लिहायला घेतले.

यंत्र नव्हते तेव्हाची रीत सर्वांना ठाऊक आहेच. सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जायचे, तिथे रांग. रक्त द्यायचे, बाहेर येऊन खायचे, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. रिपोर्ट संध्याकाळी. डॉक्टर तोवर निघून गेलेले, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. रोजंदारीच्या माणसाचे दोन दिवस असे जातात, आणि बरोबर जाणाऱ्याचेही जातात. डॉक्टरांच्या हाती कागद पडतो तेव्हा त्यावरची साखर कालची झालेली असते. मधल्या महिना-दोन महिन्यांत अंगात काय चालले होते, ते कोणालाच कळत नाही.

आता हे यंत्र करते काय? धाकटीच्या मुलाने शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाशी मेळ घालून आम्हाला समजावले आणि इस्पितळातल्या लॅबच्या ताईंकडून आम्ही ते तपासून घेतले. आपल्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. निरोगी माणसाच्या त्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते ती चहाच्या एका चमच्याएवढी. ती दीड-दोन चमचे झाली की आजार, अर्ध्या चमच्यावर आली की जीव धोक्यात. एवढी बारीक गोष्ट मोजायची ती एका थेंबातून. यंत्रात जी पट्टी खोचतो तिच्या टोकाला एक पाचक द्रव्य सुकवून ठेवलेले असते. बऱ्याच पट्ट्यांमध्ये ते बुरशीपासून काढलेले असते. त्याचा गुण असा, की रक्तात शंभर वस्तू असल्या तरी ते साखरेलाच ओळखते आणि तिच्यावर क्रिया करते. त्या क्रियेत विजेचे अतिसूक्ष्म कण सुटतात. पट्टीवरच्या बारीक पट्ट्यांतून तो प्रवाह यंत्रात जातो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. यंत्र तो प्रवाह मोजते आणि पाच-दहा सेकंदांत आकडा दाखवते. सजीवातले द्रव्य आणि विजेचे मोजमाप अशी ही जोडी आहे, म्हणून इंग्रजीत अशा वस्तूंना बायोसेन्सर म्हणतात. म्हणजे मोजण्याचे खरे काम पट्टी करते, यंत्र फक्त वाचून दाखवते. म्हणूनच यंत्र स्वस्तात मिळते आणि पट्टी महाग पडते, ही खोच दुकानात गेल्यावर कळते.

ही युक्ती लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1962 साली मांडली. घरातल्या माणसाच्या हाती ती यायला आणखी पंचवीस वर्षे लागली. त्याआधी काय होते? लघवीत निळे औषध घालून ती दिव्यावर उकळायची. निळीच राहिली तर साखर नाही, मग हिरवी, पिवळी, नारिंगी आणि शेवटी विटकरी. पण रक्तातली साखर बरीच वर चढल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि साखर खाली घसरली तर लघवीवरून काहीच कळत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते बेजार असत आणि त्यांना इन्शुलिन घ्यावे लागे, हे आपल्या घरांत सर्वांना माहीत आहे. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. पण 1956 पर्यंतच्या त्या काळात रक्तातली साखर घरच्या घरी क्षणात सांगणारे यंत्र जगात कोणाच्याच घरी नव्हते. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाला जे मिळाले नाही, ते आज आमच्या फळीवर साबणाच्या डब्याशेजारी असते. बाबा रोज बोट टोचून घेताना कधी कधी हे बोलून दाखवतात.

1965 च्या सुमारास रक्ताच्या पट्ट्या आल्या. थेंब टाकायचा, एक मिनिट थांबायचे, पाण्याने धुवायचे आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशी ताडून बघायचा. मग तो रंग वाचणारे यंत्र आले. ते दीड किलोच्या आसपास वजनाचे, किंमत 650 डॉलर, आणि फक्त डॉक्टरांनाच विकत मिळे. रिचर्ड बर्नस्टाइन नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते. त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेह होता आणि शरीर पोखरत चालले होते. 1969 साली त्यांना हे यंत्र हवे झाले, पण ते डॉक्टर नव्हते. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर यंत्र घेतले. दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून, त्याप्रमाणे खाणे आणि इन्शुलिन बदलून त्यांनी तब्येत सावरली. ते लिहून वैद्यकीय मासिकांकडे पाठवले, तर कोणी छापेना. तेव्हा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हा माणूस वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि डॉक्टर झाला. 2025 साली नव्वदीत ते वारले. ज्याचे बोट, ज्याचे रक्त, त्यालाच आकडा बघायची परवानगी नाही, हा प्रकार आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे 1987 साली पेनाएवढे, विजेच्या प्रवाहावर चालणारे यंत्र बाजारात आले. आजची बहुतेक यंत्रे त्याच घराण्यातली.

आता बाबांची हकीकत. ते तेव्हा नोकरीवर होते. रात्रपाळी. संध्याकाळी सातला घरी इंजेक्शन घेऊन निघायचे आणि ड्युटीवर पोहोचताच डबा खायचा, असा त्यांचा क्रम. जुलै महिना, पाऊस धरलेला, बस तासभर आलीच नाही. बाबा स्टॉपवर उभे. घाम सुटला, हातपाय कापू लागले, जीभ जड झाली आणि ते कठड्याला टेकून खाली बसले. येणारी-जाणारी माणसे बघत होती आणि बाजूने जात होती. एक जण म्हणाला, "पिऊन पडलाय म्हातारा, लांबून जा." ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, पोरांनाही लावू दिला नाही, त्याच्याबद्दल हे शब्द. आमच्या गल्लीतला एक पोरगा क्लासवरून येत होता. त्याने ओळखले आणि धावत घरी आला.

आम्ही यंत्र घेऊनच पळालो. बोट पुसले, टोचले. आकडा आला 46. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी, चोपन्नच्या खाली गेली की धोका. बाबा गिळू शकत होते. शेजारच्या टपरीवाल्याकडून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, 71. तेव्हा पिशवीतला डबा तिथेच उघडला आणि त्यांना चपाती-भाजी खायला लावली. बाबांना भान आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय विचारले, तर "लोकांनी काय म्हटलं?" आम्ही दोघीही काही बोललो नाही.

त्या गर्दीत घाम आणि अडखळणारी जीभ सर्वांना दिसत होती, कारण कोणालाच दिसत नव्हते. कारण दाखवणारी वस्तू हातात नसली, की लोक आपल्या मनातले कारण चिकटवतात. म्हणून सांगतो, इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारा माणूस असा घामाघूम होऊन बरळू लागला, तर आधी साखरेचा विचार करा. शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. यंत्र जवळ नसेल तरी द्या, थांबू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट इस्पितळ गाठा.

यंत्रामुळे घरात एक वेगळीच भानगडही उघडी पडली. पट्टी किंमतवान म्हणून ती कोणाच्या बोटाला लावायची, हे आपोआप ठरत गेले होते. बाबांना इन्शुलिन, म्हणून त्यांना पहिला मान. ते रास्तच होते. मग मोठ्या मुलाला जरा चक्कर आली, लाव पट्टी. धाकट्याला कंपनीत तपासणी आहे, आधी घरी बघू, लाव पट्टी. सासूबाई रोज सगळ्यांची बोटे पुसून द्यायच्या, वहीत आकडे लिहून घ्यायच्या, पण त्यांचे स्वतःचे नाव त्या वहीत नव्हते. विचारले की म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय? ती पट्टी वाया घालवू नका." पायाच्या अंगठ्याला कुरूप कापताना झालेली जखम महिना उलटला तरी भरेना, तेव्हा धाकटीने त्यांचा हात धरला आणि टोचलेच. 232. त्या रात्री घरात भांडण झाले. मोठे भाऊजी म्हणाले, "आईला आधी का नाही बघितलं?" थोरलीने वही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांना पाने उलटायला सांगितली. आठ महिन्यांच्या वहीत एकाही बाईचे नाव नव्हते. आम्हा दोघींचेही नव्हते.

सासूबाईंचा अंगठा वाचला. वेळेवर ड्रेसिंग, गोळ्या आणि महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंची शिस्त, यांमुळे वाचला. आता पट्ट्यांची नवी डबी फोडली की आधी घरातल्या बायकांची एकेकदा तपासणी होते, मग बाकीचे. हा नियम सासूबाईंना अजून पटलेला नाही.

त्यांच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट कळली. यंत्राचा आकडा आणि लॅबचा आकडा एकाच दिवशी, एकाच वेळी घेतला, तर यंत्राचा बराच जास्त आला. दवाखान्यात सांगितले, की त्यांच्या अंगात रक्त कमी आहे, हिमोग्लोबिन आठच्या आसपास. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की अनेक यंत्रे साखर आहे त्याहून जास्त दाखवतात. आपल्या वस्तीतल्या किती बायकांत रक्त कमी असते, हे सांगायला नको. तेव्हा घरातल्या बाईची साखर यंत्रावर पाहिली, तर तिचे हिमोग्लोबिन किती तेही डॉक्टरांना सांगा आणि अधूनमधून लॅबशी ताडून बघा. तसाही थोडा फरक धरूनच चालायचा असतो. जगभर जे प्रमाण मानतात त्याप्रमाणे, शंभरच्या वरचे शंभरपैकी पंच्याण्णव आकडे लॅबच्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत वर-खाली आले, तरी ते यंत्र चांगले ठरते. म्हणजे खरी साखर 200 असेल तर यंत्र 170 किंवा 230 दाखवेल, आणि त्यात त्याची चूक नाही. कालच्यापेक्षा आज दहा वाढली म्हणून रात्री जेवायचे नाही, हा बाबांचा हट्ट आम्ही याच हिशोबाने मोडला.

बाकी काळजी साधी आहे. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळे सोललेल्या बोटाला साखर चिकटलेली असते आणि ती पट्टीत उतरते. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. बोट फार पिळू नका. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखत कमी. पट्ट्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट लावून ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी म्हणजे पैसे पाण्यात. डबीवरची तारीख उलटली असेल तर दुकानदार कितीही सवलत देवो, घेऊ नका.

यंत्र आले म्हटल्यावर गल्लीतली माणसे येऊ लागली. सकाळी सातला दारात चार-पाच जण, कोणाच्या हातात स्वतःची पट्टी, कोणाच्या हातात वीस रुपये. येणाऱ्याला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. पण टोचायचे पेन आम्ही कोणालाही देत नव्हतो. एका मावशींना ते लागले. चारचौघांत म्हणाल्या, "बाहेरच्यांनी शिवाशिव केली ती कळली. आता आपल्यातच चालू झाली का? माझं बोट लागलं तर तुमचं मशीन बाटतंय?"

तो दिवस आम्हाला फार जड गेला. ज्या शब्दाची धग आमच्या आजी-पणजीने सोसली, तो आमच्याच उंबऱ्यात आमच्याच माणसाने आमच्याकडे फेकला. थोरली इस्पितळात काम करते, तिने मावशींना आत बोलावले, चहा दिला आणि त्यांच्याच कपातला उरलेला चहा स्वतः प्यायली. मग सांगितले, "मावशी, तुमच्या हातचं खायला मी आत्ता येते. पण सुई मी माझ्या नवऱ्याचीही वापरत नाही, आणि माझी त्यांना देत नाही." ब प्रकारची कावीळ आणि एड्स या दोन्हींचे विषाणू रक्तातून जातात. डोळ्यांना न दिसणारा कणही पुरतो. पेनात सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाला रक्त लागलेले राहू शकते, म्हणून पेन एका माणसाचे एकच. बाहेरच्यांसाठी एकदाच वापरून टाकायच्या सुट्या सुया मिळतात, त्या आम्ही आणून ठेवल्या. आणि दर माणसामागे यंत्र पुसायचे, हात धुवायचे. मावशी तेव्हा गप्प राहिल्या. पुढच्या आठवड्यात आल्या त्या सुट्या सुयांची स्वतःची पुडी घेऊन.

खर्चाचे बोलायला हवे. आमच्या इथे पट्टी साधारण वीस रुपयांच्या आसपास पडते. दिवसाला चार म्हटले तर महिन्याला अडीच हजारांच्या जवळ, म्हणजे एका मुलाच्या क्लासची फी. इन्शुलिन नसलेल्या माणसाला रोज मोजायची गरज बहुधा नसते. आमच्या डॉक्टरांनी बाबांसाठी आठवड्याचे वेळापत्रक करून दिले: एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, एक दिवस रात्री झोपताना, आणि घाम-कंप जाणवला तर केव्हाही. वेळा बदलत्या ठेवल्याने थोड्या पट्ट्यांत दिवसभराचे चित्र मिळते. शिवाय तीन महिन्यांतून एकदा लॅबमध्ये एचबीएवनसी, म्हणजे मागल्या तीन महिन्यांची सरासरी. प्रत्येकाने आपले वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून घ्यावे, आमचे उचलू नये.

आता दंडाला चिकटवायची टिकलीही आली आहे. केसासारखा तंतू कातडीखाली राहतो आणि दहा-चौदा दिवस रात्रंदिवस साखर मोबाइलवर दाखवतो. थोरलीने इस्पितळात ती पाहिली आहे. ती रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजते, म्हणून काही मिनिटे मागे असते. रात्री झोपेत साखर घसरणाऱ्याला ती मोठा आधार आहे. पण एका टिकलीला हजारो रुपये लागतात आणि दोन आठवड्यांत ती टाकून द्यावी लागते. कोविडमध्ये 2021 साली पुण्याच्या मायलॅब कंपनीची घरी करायची तपासणी अडीचशे रुपयांत मिळू लागली होती. रोगाची भीती साऱ्यांनाच होती, तेव्हा तपासणी घरापर्यंत यायला वेळ लागला नाही. साखरेने हळूहळू पाय जातात, डोळे जातात, मूत्रपिंड जाते. तिच्या पट्टीला ती घाई कोणी दाखवलेली नाही. इन्शुलिनवर असलेल्यांना दवाखान्यातून महिन्याला काही पट्ट्या मोफत मिळाव्यात, असा अर्ज आमच्या महिला मंडळाने सह्या घेऊन दिला आहे. सिस्टरबाईंनी तो वर पाठवला. उत्तर अजून नाही.

राहता राहिली वापरलेली सुई. ती लोक कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतात. आमचे मोठे भाऊजी कचऱ्याच्या गाडीवर आहेत, आणि आमच्या गल्लीतली आणखी सहा माणसे. पिशवीतून आरपार आलेली सुई हातात घुसणे म्हणजे काय, ते भाऊजींनी दोनदा पाहिले आहे, एकदा जोडीदाराच्या हातात, एकदा स्वतःच्या. म्हणून आमच्याकडे फिनेलची एक जाड रिकामी बाटली आहे, झाकणाची. टोचून झाले की सुई त्यात. सकाळी येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दाखवतो. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात नेऊन देतो. सिस्टरबाई ती घेतात. आतापर्यंत तीन बाटल्या गेल्या, चौथी निम्मी झाली आहे.